पुण्यात बसून माबी गाठताना

२०२१ च्या फेब्रुवारीत, महिना संपता संपता, जपानहून माझ्या नावाचे एक पाकीट आले. त्यात माझे छायाचित्र असलेला एक साधासा कागद होता. त्याचे अधिकृत नाव चांगले लांबलचक आहे, पण जपानला शिकायला जाणारे सगळे त्याला ‘सीओई’ म्हणतात. तुम्ही त्या देशात राहण्यास पात्र आहात असे तिथल्या सरकारने आधीच तपासून दिलेले हे प्रमाणपत्र असते, ते दाखवले की व्हिसा मिळतो आणि एरवी त्याची मुदत तीन महिन्यांची असते. ओकायामा प्रांतातील एका विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी माझी निवड झाली होती आणि एप्रिलमध्ये, म्हणजे जपानचे शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा, मला तिथे पोहोचायचे होते.

परंतु पाकीट आले तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे व्हिसाची वाटच बंद झालेली होती. जपानने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार थोडे उघडले होते, डिसेंबरच्या अखेरीस ते पुन्हा ओढून घेतले आणि जानेवारी २०२१ च्या मध्यापासून नव्याने येणाऱ्यांचा प्रवेश जवळजवळ पूर्ण थांबवला. या निर्बंधांना जपानीत ‘मिझुगिवा ताइसाकु’ म्हणतात. मिझुगिवा म्हणजे पाण्याचा काठ. समुद्रातून येणाऱ्या शत्रूला किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच अडवण्याची तजवीज, असा त्या शब्दामागचा जुना अर्थ आहे. माझा अभ्यासाचा विषय पूर हाच असल्यामुळे हा शब्द मला रोज बातम्यांत भेटत असे आणि दर वेळी थोडा लागत असे.

विषयाचे थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्याशी बांधलेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूरला जो महापूर आला, त्यानंतर काही आठवडे मी शिरोळ तालुक्यात मदतीच्या कामात होते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे सरकते आणि गावांत पसरते. तिथले शेतकरी याला ‘फुगवटा’ म्हणतात. असेच काही अगदी तंतोतंत २०१८ च्या जुलैमध्ये जपानमधील माबी या गावात घडले होते. कुराशिकी शहराचा भाग असलेल्या, सुमारे २२ हजार वस्तीच्या या गावातून ओदा नदी वाहते आणि ताकाहाशी या मोठ्या नदीला मिळते. त्या रात्री ताकाहाशीने ओदाला आत घेतले नाही, ओदा आणि तिच्या उपनद्यांचे बांध आठ ठिकाणी फुटले, काही घरांवर पाच मीटरहून अधिक पाणी चढले आणि ५१ माणसे गेली. त्यांतील बहुतेक वृद्ध होती. यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की पाणी कुठवर येईल हे दाखवणारा नकाशा नगरपालिकेने आधीच घरोघर वाटलेला होता आणि पाणी जवळजवळ त्या नकाशाप्रमाणेच आले. नकाशा हाती असूनही माणसे घरात का थांबली, हा माझ्या अभ्यासाचा प्रश्न होता. तो पुण्यातल्या एका खोलीत बसून सोडवायचा आहे, असे मी प्रवेशाचा अर्ज भरताना धरलेले नव्हते.

एप्रिलमध्ये वर्ग ऑनलाइन सुरू झाले. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे तिथला सकाळी ८ वाजून ४० मिनिटांचा पहिला तास आमच्या कोथरूडच्या घरात पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी भरत असे. आई-बाबा झोपलेले असत, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसत असे आणि उत्तर द्यायची वेळ आली की आवाज दाबून बोलत असे. शिष्यवृत्ती जपानमध्ये पोहोचल्यावरच सुरू होणार होती, त्यामुळे दिवसा भाषांतराची कामे करणे भाग होते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी एक चूक केली, आणि ती सांगते, कारण माझ्याबरोबर अडकलेल्या बहुतेकांनी तीच केली होती. तुटू नये म्हणून मी संपूर्ण जपानला धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. सकाळी एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या जपानीतील बातम्या, दुपारी टोकियोच्या रस्त्यांवर कोणीतरी कॅमेरा घेऊन केलेल्या तासतासभराच्या फेरफटक्यांची चित्रणे, रात्री मालिका, अधूनमधून कोणत्याशा शहरातील उत्सवाचे थेट प्रक्षेपण. यात भाषेचा कान तयार राहिला, हे खरे. पण दिवसाच्या शेवटी मला त्या देशाच्या जवळ गेल्यासारखे वाटण्याऐवजी काचेवर नाक टेकवून उभे राहिल्यासारखे वाटे. त्या चित्रणांतल्या एकाही माणसाला मी आहे हे ठाऊक नव्हते आणि मी पाहणे थांबवले असते, तरी कुठेही काही अडणार नव्हते. याशिवाय रोज रात्री प्रवेशबंदीच्या बातम्या शोधत बसण्याची सवय लागली होती. मंत्र्यांच्या एकेका वाक्याचा अर्थ लावण्यात तासन् तास जात आणि त्यातून हाती काही येत नसे.

मे महिन्यातील एका चर्चासत्रानंतर आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे प्राध्यापकांनी, मला थांबायला सांगितले. मी एका तासात टोकियो, सेन्दाई आणि हिरोशिमा अशा तीन ठिकाणच्या पुरांचे दाखले दिले होते. ते म्हणाले, की तुम्ही फार मोठा देश उचलायला निघाला आहात. माबीतील एक बांध घ्या, आणि त्यावरून मी चालत निघालो तर उजवीकडे काय दिसेल, डावीकडे काय दिसेल, हे मला सांगता येईल इतका तो ओळखा. आजवर मिळालेल्या सल्ल्यांत मला हा सर्वांत उपयोगी वाटतो.

मी कामाला लागले. जपानच्या राष्ट्रीय भूमापन संस्थेचे नकाशे इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येतात. त्यांवर उंचीच्या रेषा असतात, वेगवेगळ्या दशकांतील हवाई छायाचित्रे एकावर एक ठेवून पाहता येतात आणि २०१८ च्या पुराचे पाणी कुठे किती खोल होते, याचा अंदाजी नकाशाही त्यांनी पुरानंतर लगेच प्रसिद्ध केला होता. पूर, भूकंप, त्सुनामी यांच्या आठवणीसाठी गावोगाव उभारलेल्या दगडांसाठी या संस्थेने २०१९ मध्ये नकाशावर एक स्वतंत्र खूण सुरू केली. त्या खुणा शोधता शोधता मला कळले, की माबीच्या कावाबे भागात १८९३ सालच्या महापुरातील मृतांचेही स्मारक आहे. म्हणजे गावाला हे पाणी नवे नव्हते. मी रोज बांधाचा साधारण अर्धा किलोमीटर घेत असे. आधी उंचीचा नकाशा, मग पुराआधीचे हवाई छायाचित्र, मग पुरानंतरचे, आणि शेवटी रस्त्यावरून टिपलेली छायाचित्रे, असा क्रम होता. एका वहीत डाव्या पानावर बांधाच्या आतले आणि उजव्या पानावर बाहेरचे मी लिहून काढत गेले: शेतातली ताडपत्रीची घरे, एक पेट्रोल पंप, खांबांवरून गावाच्या डोक्यावरून जाणारी इबारा रेल्वे, बांबूची बने. माबी बांबूच्या कोंबांसाठी प्रसिद्ध आहे, हे मला त्या बनांमुळे समजले.

गावाच्या नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती त्या दिवसांत माझ्या फार जवळची झाली. आठव्या शतकातील किबी नो माकिबी या विद्वानाच्या नावावरून माबी हे नाव आले आहे. तो इसवी सन ७१७ मध्ये तांग राजवटीच्या चीनमध्ये शिकायला गेला आणि ७३५ मध्ये परतला. त्याच जहाजांच्या ताफ्यातून गेलेला आबे नो नाकामारो मात्र पुढे परतीला निघाला तरी वादळात सापडला आणि त्याला मायदेशी कधीच पोहोचता आले नाही. दुसऱ्या देशात शिकायला जाणे म्हणजे वाऱ्याच्या आणि राजाच्या मर्जीवर अठरा वर्षे देणे, असा तो काळ होता. माझी वाट पाहणे त्या मानाने किती लहान आहे, एवढेच मी स्वतःला अधूनमधून सांगत असे.

नकाशा पाठ झाला, तरी नकाशात माणूस नसतो. जूनमध्ये सेन्सेईंनी पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका स्थानिक स्वयंसेविकेशी माझी गाठ घालून दिली आणि तिच्या ओळखीने कावाबे भागातील एक आजी माझ्याशी बोलायला तयार झाल्या. त्या तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. दर गुरुवारी त्यांच्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला, मी फोन करायचा, असे ठरले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक अट घातली, की पुराबद्दल विचारायचे असेल तर विचार, पण दर वेळी तेच विचारू नकोस.

मी पुण्यात आठ वर्षे जपानी शिकले होते, वरची परीक्षा उत्तीर्ण होते, आणि तरीही पहिल्या फोनमधले निम्मे मला कळले नाही. आजी ओकायामाची बोली बोलत. ‘फार’ म्हणायला त्या ‘बोक्केए’ म्हणत, ‘चालायचे नाही’ म्हणायला ‘ओएन’. पुस्तकी जपानी शिकलेल्या माणसाची अवस्था, पुण्यात मराठी शिकून मालवणात उतरलेल्या पाहुण्यासारखी होते. त्यांच्या परवानगीने मी बोलणे ध्वनिमुद्रित करीत असे आणि रात्री तुकड्या-तुकड्याने ऐकत असे. न कळलेले शब्द पुढच्या गुरुवारी विचारले, की आजींना मोठा आनंद होई. आपल्या बोलीत कोणी परदेशी रस घेते, याचे त्यांना अप्रूप होते.

एक घोटाळा मात्र बोलीचा नव्हता. आजी म्हणाल्या, की आम्ही रात्रभर ‘निकाई’वर होतो आणि पहाटे तिथेही घोट्याइतके पाणी आले. निकाई म्हणजे दुसरा मजला. मी वहीत त्यांचे घर तीन मजली करून टाकले आणि पाण्याची उंची सहा मीटरहून अधिक धरली, जी भूमापन संस्थेच्या नकाशाशी कुठेच जुळेना. तीन आठवडे मी त्या गणितात अडकले होते. शेवटी लक्षात आले, की जपानी माणूस तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतो. त्यांचा दुसरा तो आपला पहिला. हे मी पहिल्या वर्षीच शिकले होते. परीक्षेत विचारले असते तर बरोबर सांगितलेही असते. पण ज्या भाषेत आपण जगत नाही, तिच्यातले असे साधे ज्ञान ऐन वेळी हाताला लागत नाही, हे तेव्हा कळले.

त्या रात्रीची हकीकत आजींनी मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. एका गुरुवारी त्यांनी शेजारच्या सोजा शहरातील ॲल्युमिनियमच्या कारखान्यात मध्यरात्रीच्या सुमारास झालेल्या स्फोटाचे सांगितले. खिडक्या हादरल्या आणि लोकांचे लक्ष पुराकडून तिकडे गेले. आणखी कधीतरी म्हणाल्या, की ओदा नदीच्या उत्तरेकडील भागाला घरे सोडण्याचा आदेश रात्री दीड वाजता आला, आणि त्या वेळी अंधारात, पावसात, म्हातारे नवरा-बायको कुठे जाणार होते? यजमानांचे गुडघे दुखत असत आणि जिना फार चढा होता, एवढे म्हणून एकदा त्या थांबल्या. माझ्या प्रबंधाच्या प्रश्नाचे उत्तर त्या जिन्याजवळ कुठेतरी आहे, असे मला वाटले, पण मी पुढे विचारले नाही.

जुलैच्या २२ तारखेला गुरुवार होता. त्या दिवशी पहाटे चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले. माझ्या मामाचे घर आणि किराणा दुकान बाजारपेठेजवळ आहे. सकाळी एकदा मामीचा फोन आला, आम्ही वर आहोत, एवढेच बोलणे झाले आणि त्यानंतर कोणाचाच फोन लागेना. साडेतीन वाजून गेले, तरी आजींना फोन करायचे मला भान राहिले नाही. रात्री ‘लाइन’ या निरोपांच्या ॲपवर त्यांचाच निरोप आला: आज काय झाले, बरी आहेस ना? मी काय झाले ते लिहिले. त्यांनी चिपळूण कुठे आहे ते विचारले, नदीचे नाव विचारले, भरतीची वेळ विचारली. दुसऱ्या दिवशी, ज्या संध्याकाळी टोकियोत ऑलिंपिकचे उद्घाटन होणार होते, त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या फोनवर त्यांचे सात ध्वनिसंदेश आले होते.

ते संदेश मी पुढे प्रबंधाच्या परिशिष्टात जसेच्या तसे दिले. चिखलाला हात लावण्याआधी घराची चारही बाजूंनी छायाचित्रे काढ. पाण्याची रेघ जिथवर आली, तिथे मोजायची टेप लावून पुन्हा काढ, नाहीतर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. काय काय गेले ते खोलीवार लिहून ठेव, आठवणीवर सोडू नकोस. काच आणि खिळे असतात, म्हणून जाड तळव्याचे बूट घाल. चिखल वाळला की त्याची धूळ घशात जाते, तेव्हा तोंड बांध. जमीन आणि भिंती वरवर कोरड्या दिसल्या, तरी आतून वाळायला महिना लागतो; घाईने फरशी किंवा रंग केलास, तर बुरशी येईल. आणि शेवटच्या संदेशात, पहिले दोन दिवस सगळे धावतात, तिसऱ्या दिवशी मामांना कोणीतरी बळेच जेवायला बसव.

दीड दिवसाने मामाशी बोलणे झाले तेव्हा मी हे सगळे मराठीत वाचून दाखवले. त्याने टेप लावून छायाचित्रे काढली. जपानमध्ये घराच्या नुकसानीचा दाखला मिळवताना जे लागते, तेच आपल्याकडे पंचनाम्याला लागते. तलाठी आले तेव्हा दुकानातला गाळ उपसून झाला होता आणि ती छायाचित्रे फार उपयोगी पडली. पुढच्या गुरुवारी मी आजींना हे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की माझ्याकडून लोकांनी आजवर फक्त ऐकून घेतले होते, कोणाच्या कामाला आले असे हे पहिल्यांदाच झाले.

माझ्याही बाजूने त्या आठवड्यात काहीतरी पालटले. तोवर मी माबीकडून घेत होते: नकाशे, शब्द, आठवणी. आता माबीत एक बाई होती, जी टीव्हीवर हवामानाचा नकाशा लागला की त्यात कोकण शोधत असे. सत्रात मी चिपळूण आणि माबी यांची तुलना मांडली, आणि जपानी भाषेत या गोष्टीला इंग्रजीतून उचललेला ‘बॅकवॉटर’ हाच शब्द रूढ असताना आमच्याकडे मात्र शेतकऱ्यांचा ‘फुगवटा’ हा शब्द आहे, हे सांगितले. त्यानंतर एक-दोन सहाध्यायी आपल्या टिपणांत तो शब्द काताकाना या, परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी लिपीत लिहू लागले. वर्गातल्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपमधला एक चौकोन, एवढेच माझे अस्तित्व होते, ते त्या दिवसापासून थोडे वाढले. एक मुलगी सत्र संपल्यावर लॅपटॉप उचलून खिडकीशी नेत असे आणि बाहेर काय चालले आहे ते दोन मिनिटे मला दाखवत असे. पडद्यावरून सर्वांत जास्त हुकते ते तासानंतरचे बोलणे. त्यावर दुसरा कोणताही उपाय मला सापडला नाही.

ऑलिंपिकबद्दल माझ्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. ३० जुलैला बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली, तेव्हा आमच्या घरात जल्लोष झाला. रिकाम्या प्रेक्षागृहासमोर धावणाऱ्या त्या मुलाचे मला मनापासून कौतुक वाटले. त्याच रात्री मला झोप लागली नाही. जगभरातून हजारो माणसे योग्य काळजी घेऊन त्या देशात जाऊ शकतात, तर वर्षभर राहायला येणारा आणि सांगाल तितके दिवस विलगीकरणात बसायला तयार असलेला विद्यार्थी का नाही, हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. साथीत सीमा आवळणे मला समजते. आमच्याकडे एप्रिल-मे २०२१ मध्ये काय घडले ते आम्ही पाहिले होते. परंतु आपल्या नागरिकांना आत येऊ देणे आणि नव्या परदेशी माणसाला, त्याची चाचणी काहीही सांगो, बाहेर ठेवणे, यात विषाणूचा विचार कमी होता, असे माझे मत आहे.

पावसाळ्यानंतर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी एका गुरुवारी आजींना व्हिडिओवरून घेऊन गेले. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले हे उद्यान पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची खूण आहे. लाकडी पूल, तळ्यातले रंगीत मासे, कापून गोल केलेली झुडपे हे सगळे त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि क्रौंच कुठे आहेत, असे विचारले. कोराकुएनमध्ये लाल माथ्याचे क्रौंच पाळलेले असतात. मी त्यांना पाण्याकाठचा बगळा दाखवला. हाही चालेल, असे त्या गंभीरपणे म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या ८ तारखेपासून जपानने विद्यार्थ्यांसाठी प्रवेश पुन्हा सुरू केला. यजमान संस्थेने भरायच्या कागदांचा गठ्ठा मोठा होता; विद्यापीठातील कर्मचाऱ्यांनी माझ्यासाठी तो रात्री थांबून भरला, हे मी विसरणार नाही. सीओईची मुदत सरकार पुन्हा पुन्हा वाढवत होते, फक्त आम्ही अजूनही या विद्यार्थ्याला घेणार आहोत, असे संस्थेचे पत्र सोबत लागे. बॅग भरायला घेतली होती. ओमायक्रॉनची बातमी आली आणि ३० नोव्हेंबरपासून दार पुन्हा बंद झाले. बाहेर ताटकळलेल्या विद्यार्थ्यांची संख्या तेव्हा दीड लाखाच्या घरात होती. काही देशांत विद्यार्थी जपानी वकिलातींसमोर फलक घेऊन उभे राहिले. शिक्षण म्हणजे पर्यटन नव्हे, ही त्यांची घोषणा होती. माझ्या वर्गातला एक मित्र डिसेंबरमध्ये कोरियातील विद्यापीठाकडे वळला. त्याला मी दोष देत नाही. मीही त्या आठवड्यात जपानीतले काहीही वाचले नाही. गुरुवारचा फोन मात्र केला, कारण साडेतीन वाजता पलीकडे कोणीतरी फोनजवळ बसलेले असणार, हे मला ठाऊक होते. जपानचा मला त्या काळात राग आला होता, पण माबीवर राग धरण्यासारखे काही घडले नव्हते, आणि त्या फरकानेच मला सावरले.

त्या डिसेंबरात मी टपालाचा मार्ग धरला. नववर्षाच्या दिवशी एकमेकांना पत्रे पाठवण्याची जपानी रीत आहे, म्हणून मी नऊ पोस्टकार्डे लिहिली आणि ती पोहोचायला पाच आठवडे लागले. जानेवारीअखेर आजींचे उत्तर आले. सोबत वाळवलेल्या बांबूच्या कोंबांची पुडी होती आणि ती कशी भिजवायची, हे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. आईने ती आमसूल घालून केली.

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान किशिदा यांनी निर्बंध सैल करण्याची घोषणा केली आणि १ मार्चपासून विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला. या वेळी कागदपत्रे इंटरनेटवरून भरायची होती आणि काम लवकर झाले. मुंबईला जाऊन व्हिसा घेतला आणि एप्रिलमध्ये दिल्लीमार्गे टोकियोला उतरले. विमानतळावर लाळेची चाचणी होती. नमुना देण्याच्या प्रत्येक कप्प्यात समोर लिंबाचे आणि उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचे चित्र लावलेले होते, तोंडाला पाणी सुटावे म्हणून. त्या चित्रासमोर मी उभी राहिले आणि मला रडू आले. पुढचे काही दिवस नियमाप्रमाणे खोलीत काढले.

माबीला पहिल्यांदा गेले तो मे महिन्यातला गुरुवार होता. रेल्वे खांबांवरून जात असल्यामुळे सगळे गाव वरून दिसते आणि मला कोणालाही रस्ता विचारावा लागला नाही. पेट्रोल पंप जागेवर होता. ज्याची कल्पना कोणत्याही नकाशाने दिली नव्हती, ते म्हणजे बांधाची उंची. बांध आकड्यांत माहीत होता, पण त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की नदी अजिबात दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. तिथे राहणाऱ्या माणसाला रात्री दीड वाजता पाणी चढते आहे हे खिडकीतून कळणे शक्यच नव्हते. चौदा महिन्यांत मी हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता, कारण तो सुचण्यासाठी तिथे उभे राहायला हवे होते. नदीचा संगम ४.६ किलोमीटर खाली नेण्याचे काम तेव्हा चालू होते आणि दूरवर यंत्रे दिसत होती.

आजी दारात उभ्या होत्या. घर नवे होते. त्यांनी आधी चहा दिला आणि मग न विचारता जिन्याकडे नेले. जुना जिना तेरा पायऱ्यांचा होता, म्हणाल्या, आणि आता पंधरा केल्या, म्हणजे चढ कमी होतो. दोन्ही बाजूंना कठडा आहे. त्यांच्या मागोमाग मी पंधरा पायऱ्या चढले. वरच्या खोलीत यजमानांचे छायाचित्र होते. त्या रात्री ते वर आले ते दोन्ही हातांवर रांगत, आणि त्याला पाऊण तास लागला, एवढे त्यांनी सांगितले. ते दोन वर्षांपूर्वी तात्पुरत्या घरात असताना वारले.

मग त्यांना चिपळूणचे दुकान पाहायचे होते. मी मामाला व्हिडिओ लावला. त्याने भिंतीवरची रेघ दाखवली. रंग देताना तेवढी पट्टी त्याने मुद्दाम सोडली होती आणि शेजारी तारीख घातली होती. आजींनी कुठून तरी मोजायची टेप आणली, आपल्या घरातील दाराच्या चौकटीला लावली आणि मामांना विचार म्हणाल्या, जमिनीपासून किती?